बेअरिंग बदलण्याआधी शाफ्ट पाहा : क्लीव्हलँड ब्राउन्सना खुलं पत्र

प्रति,
जनरल मॅनेजर, स्काउट मंडळी आणि मालक,
क्लीव्हलँड ब्राउन्स, बेरिया, ओहायो

विषय : एप्रिल २०२६ च्या ड्राफ्टबद्दल एका जुन्या प्रेक्षकाची विनंती

स.न.वि.वि.

हे पत्र मी मराठीत लिहितोय. त्याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात पोचेलच. पण रविवारी जेवणं लवकर उरकून अमेरिकन फुटबॉल बघायला टीव्हीपुढे बसणारी मराठी घरं ईशान्य ओहायोत आता बरीच आहेत, आणि दर एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या वाटपात, तुम्ही कुणाला घ्यावं यावरून आमच्यात जो वाद पेटतो तो मराठीतच पेटतो. त्या वादातली माझी बाजू मला एकदा नीट, सगळ्यांसमोर मांडायची आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. १९९८ साली क्लीव्हलँडला नोकरीला आलो तेव्हा या शहराकडे फुटबॉलचा संघच नव्हता. १९९५ चा हंगाम संपल्यावर तेव्हाचे मालक आर्ट मॉडेल यांनी खेळाडूंसह सगळा पसारा बाल्टिमोरला हलवला होता. शहराने भांडून नाव, रंग आणि इतिहास तेवढा इथे ठेवून घेतला. कारखान्यातले माझे सहकारी त्याबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलायचे. १९९९ मध्ये संघ परत उभा राहिला. त्या वर्षीचा ड्राफ्ट मी एका सहकाऱ्याच्या घरी, तळघरातल्या सोफ्यावर बसून पाहिला. पहिलीच निवड आपली होती आणि तुम्ही केंटकी विद्यापीठाचा टिम काउच हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, घेतलात. नाव पुकारलं तशी खोलीतली सगळी माणसं उभी राहिली, एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला नियमही धड ठाऊक नव्हते. पण एकवीस वर्षांच्या एका पोराच्या नावाने एवढी माणसं एकदम आशेला लागलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मी तुमचा आहे.

जे वाचक इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आयपीएलच्या लिलावात बोली लागते, ड्राफ्टमध्ये बोली नसते. मागच्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या वर मुलं निवडली जातात. सगळी कॉलेजात खेळलेली, हायस्कूल संपून किमान तीन वर्षं झालेली. ज्या संघाने नाव घेतलं तिकडे जायचं, मुलाच्या पसंतीचा प्रश्न येत नाही. २०११ च्या करारापासून पगारही नंबराप्रमाणे जवळपास ठरलेला असतो. आपला नंबर दुसऱ्याला देऊन त्याचे दोन-तीन नंबर घेता येतात, पुढच्या वर्षांचे नंबरसुद्धा देता-घेता येतात. सगळी गंमत आणि सगळा घात या देवाणघेवाणीत आहे.

असा ड्राफ्ट आपल्याकडेही एकदा झाला होता. २००८ साली पहिल्या आयपीएलआधी एकोणीस वर्षांखालचे खेळाडू ड्राफ्टने वाटले गेले. दिल्लीला पहिली संधी मिळाली. फलंदाज त्यांच्याकडे भरपूर होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला. आज कुणीही दिल्लीला नावं ठेवेल. मी ठेवत नाही. त्यांना ज्याची गरज होती ते त्यांनी घेतलं. एकोणीस वर्षांचं पोर पुढे काय होणार हे त्या दिवशी कुणालाच दिसत नसतं, आणि ते पोर कुठल्या ड्रेसिंग रूममध्ये वाढलं यावरही पुष्कळ काही ठरतं.

आता मुद्द्यावर येतो. काउचला पहिल्याच हंगामात ५६ वेळा आडवं पाडण्यात आलं. छप्पन्न वेळा! क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारी पाच जणांची ओळ नव्या संघाने इतर संघांतून आलेल्या खेळाडूंतून गोळा केलेली होती. चेंडू हातात आला की त्याला मान वर करायलाही वेळ मिळत नसे. पाच हंगामांनंतर तो गेला आणि शहराने निकाल देऊन टाकला की निवड चुकली. मग पुढचा आला, तो गेला, त्याच्यामागचाही गेला. शहरातल्या एका दुकानाच्या खिडकीत तुमची एक जर्सी टांगलेली असायची. तिच्या पाठीवर प्रत्येक नव्या क्वार्टरबॅकचं नाव आधीच्या नावाखाली पट्टी चिकटवून लिहिलेलं. १९९९ पासून आजवर चाळीसहून अधिक जणांनी तुमच्यासाठी त्या जागेवरून सामना सुरू केला आहे.

मी आयुष्यभर कारखान्यात दर्जा तपासणीचं काम केलं. एखाद्या यंत्राचं बेअरिंग वारंवार जात असेल तर नवशिक्या माणूस बेअरिंग बनवणाऱ्याला शिव्या देतो आणि आणखी महागाचं बेअरिंग मागवतो. जुना फिटर आधी शाफ्टला डायल लावून बघतो. शाफ्ट वाकलेला असेल तर जगातलं उत्तमातलं उत्तम बेअरिंगही तिथे टिकत नाही. सत्तावीस वर्षं मी तुम्हाला बेअरिंग बदलताना पाहतोय.

तुम्ही शाफ्टकडे लक्ष दिलं तेव्हा काय झालं, तेही मी पाहिलं आहे. २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर ओकलंडने जमार्कस रसेल हा क्वार्टरबॅक घेतला. तिसऱ्या नंबरावर तुम्ही विस्कॉन्सिनचा जो थॉमस घेतलात, लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही, त्या माणसाला अडवण्याचं काम लेफ्ट टॅकलचं. बाकीची मुलं सूट घालून न्यूयॉर्कला मंचाजवळ बसली होती तेव्हा थॉमस आपल्या वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात होडीतून मासे धरत होता. रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला. थॉमस सलग १०,३६३ डावपेचांत एकदाही मैदानाबाहेर न जाता उभा राहिला. २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच तो थांबला. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. एवढ्या काळात त्याच्या पाठीमागे वीसेक क्वार्टरबॅक येऊन गेले आणि त्याच्या नशिबी प्लेऑफचा एकही सामना आला नाही. कारण ओळीतला एक खांब भक्कम होता आणि बाकीची ओळ, प्रशिक्षक, व्यवस्थापन सगळं दर दोन वर्षांनी बदलत होतं.

दुसरं उदाहरण २०१४ चं, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. एकाच ड्राफ्टमध्ये तुम्ही बाविसाव्या नंबरावर क्वार्टरबॅक जॉनी मँझेल घेतलात आणि पस्तिसाव्या नंबरावर ओळीत गार्डच्या जागी खेळणारा नेवाडाचा जोएल बिटोनिओ. मँझेलसाठी तुम्ही वर सरकलात, त्याच्या नावाच्या जर्सी घेऊन लोक रांगा लावून उभे होते. दोन हंगामांत त्याने आठ सामने सुरू केले आणि मार्च २०१६ मध्ये तुम्ही त्याला सोडलंत. बिटोनिओच्या निवडीवर त्या रात्री टीव्हीवर फारसं कुणी बोललं नाही. २०१६ मध्ये संघ एकच सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही, सोळापैकी सोळा हरला. बिटोनिओ गेला नाही. सात वेळा तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत, निवडला गेला.

मला हे आधीपासून दिसत होतं असं नाही. माझा मुलगा इथल्या हायस्कूलात ओळीत खेळायचा. ओहायोत शुक्रवारी रात्री अख्खं गाव शाळेच्या मैदानावर असतं. पहिली दोन वर्षं मी त्या बाकांवर बसून चेंडूकडे बघत राहिलो आणि माझं पोरगं मला दिसतच नव्हतं. शेवटी त्याच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘चेंडू सुटला की चेंडूकडे बघू नका, पाच जणांच्या पायांकडे बघा.’’ तेव्हापासून मी तसंच बघतो. पाच माणसं एका श्वासात उठतात, एकाचा पाय चुकला तर शेजारच्याने अर्ध्या क्षणात ती फट बुजवायची. शेजारच्याच्या मनात काय चाललंय हे न बोलता कळावं लागतं, आणि ते कळायला एकत्र घालवलेले दिवस लागतात. घरी आल्यावर पोराच्या दंडांवर दुसऱ्यांच्या बोटांचे निळे वळ असायचे. त्याचं नाव स्थानिक पेपरात कधी आलं नाही. क्वार्टरबॅकचं यायचं, आणि तो मुलगा दर सामन्यानंतर या पाच जणांना पॅनकेक खायला घेऊन जायचा.

ओळ उभी असली की काय घडतं ते २०२० मध्ये दिसलं. बिटोनिओ, वायट टेलर, मधे जे. सी. ट्रेटर, टेनेसीहून आणलेला जॅक कॉन्क्लिन आणि त्याच वर्षी दहाव्या नंबरावर घेतलेला जेड्रिक विल्स. त्यांच्या मागे २०१८ चा पहिल्या नंबराचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड. या पोराने आल्या-आल्या ६३५ दिवसांनी आपल्याला पहिला विजय दाखवला होता, पहिल्याच हंगामात २७ टचडाउन पास टाकून तेव्हाचा नवोदितांचा विक्रम केला होता. पण त्याच्या पहिल्या तीन हंगामांत चार मुख्य प्रशिक्षक झाले. जॅक्सन, विल्यम्स, किचन्स, मग स्टेफान्स्की. दर वेळी नवी भाषा, नवे डावपेच, पाय टाकायची नवी पद्धत. २०२० मध्ये एकदाचं सगळं जुळलं. जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला जाऊन आपण ४८-३७ ने जिंकलो. १९९४ च्या हंगामानंतरचा प्लेऑफमधला तो पहिला विजय. सात वर्षं वाट पाहिलेला बिटोनिओ कोविडमुळे घरी होता. त्या रात्री आमच्या घरी कुणी झोपलं नाही. आई कोल्हापुरात सकाळचा चहा करत होती, तिला फोन करून सांगितलं.

आणि सव्वा वर्षात तुम्ही ते मोडलंत. २०२१ च्या दुसऱ्याच सामन्यात मेफिल्डचा डावा खांदा फाटला. तो तसाच खेळत राहिला, खेळ घसरला. मार्च २०२२ मध्ये तुम्ही ह्यूस्टनला सलग तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर आणखी काही निवडी देऊन क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला आणलंत, पाच वर्षांच्या २३ कोटी डॉलरच्या पूर्ण हमी दिलेल्या करारावर. दोन डझनांच्या आसपास महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत, पण लीगने त्याला अकरा सामन्यांसाठी बाहेर बसवलं आणि पन्नास लाख डॉलर दंड केला. पहिल्या तीन हंगामांत तो तुमच्यासाठी १९ सामने खेळला. हा निर्णय खेळाच्या हिशेबाने चूक होता असं म्हणून मी थांबणार नाही. तो माणुसकीच्या हिशेबाने चूक होता. या शहरातल्या बायका-मुलीही तुमची टोपी घालतात. त्यांच्याकडे बघून तुम्ही तो कागद सही करण्याआधी थांबायला हवं होतं.

मनात राहिलेली आणखी एक गोष्ट. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये बारावा नंबर तुमच्याकडे होता. तो तुम्ही ह्यूस्टनला विकलात आणि त्या नंबरावर ह्यूस्टनने घेतलं ते वॉटसनलाच. जो तेव्हा एका निवडीत मिळत होता त्याच्यासाठी पाच वर्षांनी तुम्ही तीन मोजल्या. त्या तिनांपैकी २०२३ ची निवड पुढे सरकवून ह्यूस्टन तिसऱ्या नंबरावर गेलं आणि तिथे त्यांना विल अँडरसन मिळाला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू. मेफिल्ड मात्र टँपाला जाऊन सावरला. २०२४ मध्ये त्याने ४१ टचडाउन पास टाकले. बेअरिंग चांगलंच होतं.

तुमच्या स्काउटांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ऑगस्टपासून ही माणसं गाडी घेऊन गावोगावच्या कॉलेजांत फिरतात, सरावाच्या कडेला उभी राहतात, प्रशिक्षकाशी, फिजिओशी, कपडे धुणाऱ्या माणसाशीही बोलतात, रात्री मोटेलात बसून अहवाल लिहितात. जानेवारीच्या अखेरीस अलाबामातल्या मोबाइल गावी सीनिअर बोल हा कॉलेजच्या मुलांचा सामना, मग इंडियानापोलिसचं कंबाइन. तिथे मुलांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. पंजाही मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. म्हणजे आपली वीत. आमच्या आजीच्या काळचं हे माप इथे कोट्यवधी डॉलरच्या निर्णयात वापरतात हे कळलं तेव्हा मला त्या मोजणाऱ्यांबद्दल आपुलकीच वाटली. चाळीस यार्डांची धाव, १०२ किलोचं वजन छातीवरून किती वेळा उचललं, जागेवरून उडी किती. चाळीस यार्डांवर घड्याळ लावायची पद्धतही बरेच जण पॉल ब्राउन यांच्या नावावर जमा करतात, ज्यांच्यावरून या संघाला नाव मिळालं त्यांच्याच.

मोजमापाचा अनादर मी कधीच करणार नाही, माझं पोट त्यावर भरलं. पण गेज एवढंच सांगतं की भाग मापात आहे. तो किती वर्षं चालेल हे तो कुठल्या यंत्रात बसला यावर आहे. पुढे सर्वांत थोर क्वार्टरबॅकांत गणला गेलेला टॉम ब्रेडी कंबाइनमध्ये चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद घेत धावला आणि २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरावर गेला. तुम्ही त्याच वर्षी १८३ व्या नंबरावर स्पर्गन विन हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला होता. लोक हे तुम्हाला पंचवीस वर्षं ऐकवत आले आहेत. मी वेगळा प्रश्न विचारतो. न्यू इंग्लंडमध्ये ब्रेडीने पहिल्या अख्ख्या हंगामात तीन पास टाकले आणि बाकी वेळ बसून शिकला. विनला तुम्ही त्याच वर्षी जॅक्सनव्हिलविरुद्ध मैदानात ढकललंत आणि तो सामना आपण ४८-० ने हरलो. ब्रेडी त्या डिसेंबरात आपल्याकडे असता तर त्याचा ब्रेडी झाला असता का? मला नाही वाटत.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टच्या निवडींचा हिशेब मांडला होता. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला खेळाडू पुढे सरस ठरतो ते शंभरात ५२ वेळा. म्हणजे जवळपास नाणेफेक. एवढ्या मेहनतीने, एवढ्या अहवालांनी ही अवस्था आहे, कारण विषयच तसा आहे. मग वरच्या एका नंबरासाठी दोन-तीन वर्षांचं भवितव्य देऊन टाकणं मला पटत नाही. १९९० च्या सुमारास डॅलसने प्रत्येक नंबराला गुण देणारा तक्ता बनवला, पहिल्या नंबराला ३,००० गुण. त्यानंतर सगळ्यांनाच वर सरकण्याचा मोह जडला.

अर्थात खाली सरकणं हाही रामबाण उपाय नाही. २०१६ मध्ये तुम्ही दुसरा नंबर फिलाडेल्फियाला देऊन खाली आलात, मग आणखी खाली आलात आणि शेवटी १४ खेळाडू घेतलेत. त्यांतले फारच थोडे टिकले. चौदा नवखी पोरं एकदम आली आणि त्यांना शिकवणारं अनुभवी कुणी ठेवलं नव्हतं. ज्याच्याकडे बघून शिकावं असा मोठा भाऊ घरात नसेल तर धाकट्यांनी कुणाकडे बघायचं?

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ओळीतल्या खेळाडूंत तुमचे स्काउट कुस्ती शोधतात. समोरच्याचा तोल कुठे आहे हे हाताला कळणं, कंबर खाली ठेवून जोर लावणं, हे कुस्तीतून येतं. स्टीफन नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो १९९९ चा फ्रीस्टाइल कुस्तीचा विश्वविजेता. त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही, न्यू इंग्लंडने तसाच बोलावून घेतला, धीराने शिकवला आणि तो अनेक वर्षं त्यांचा गार्ड राहिला. गेल्या वर्षी तुम्ही पाचव्या नंबरावर मिशिगनचा मेसन ग्रॅहम घेतलात, तोही शाळेत कुस्ती खेळलेला. मी त्याचे पाय बघतो तेव्हा मला तालमीतल्या मातीचा वास येतो.

गेल्या वर्षीच्या त्या निर्णयाबद्दल मी तुमचं मनापासून अभिनंदन करतो. दुसऱ्या नंबरावर ट्रॅव्हिस हंटरसारखा चढाई आणि बचाव दोन्हींत खेळणारा मुलगा समोर होता, लोकांना तोच हवा होता. तुम्ही तो नंबर जॅक्सनव्हिलला दिलात आणि पाचवा, छत्तिसावा, एकशे सव्विसावा आणि २०२६ ची पहिल्या फेरीतली निवड घेतलीत. ग्रॅहम, कार्सन श्वेसिंगर, क्विन्शॉन जडकिन्स, हॅरॉल्ड फॅनिन. फॅनिन तर आपल्या ओहायोच्याच बोलिंग ग्रीनचा. खूप वर्षांनी एवढी समजूतदार यादी पाहिली.

पण त्याच हंगामात आपल्या क्वार्टरबॅकच्या जागी आधी जो फ्लॅको, मग डिलन गेब्रिअल आणि मग शेडूर सँडर्स अशी तीन माणसं झाली, त्यांतली दोन नवखी. सँडर्स पहिल्या फेरीत जाईल असं बोललं जात होतं, तो १४४ व्या नंबरापर्यंत घसरला, सगळ्या देशासमोर तीन दिवस त्याचं नाव न येणं त्याने सोसलं. आता मुख्य प्रशिक्षक पुन्हा बदलले आहेत. म्हणजे या पोरांना पुन्हा नवी भाषा. आणि आमच्या गप्पांत पुन्हा तोच सूर सुरू झालाय, यंदा पहिल्या फेरीत दोन निवडी आहेत, दोन्ही देऊन वर सरका आणि नवा क्वार्टरबॅक आणा.

कृपा करून तसं करू नका. माझी विनंती एवढीच आहे. दोनपैकी किमान एक निवड ओळीसाठी ठेवा, खरं तर दोन्ही ठेवल्या तरी मी टाळ्या वाजवीन. बिटोनिओने चौतिशी गाठली, २०२० ची ती ओळ आता उरलेली नाही, ती पुन्हा बांधायला दोन-तीन वर्षं लागतील. जो क्वार्टरबॅक आज घरात आहे त्याला त्या बांधलेल्या ओळीच्या मागे एक पूर्ण हंगाम उभा करा, एकच प्रशिक्षक, एकच पुस्तक, आणि मग ठरवा. तो नाही जमला तर पुढचा आणा, पण त्याला आणाल ते घर तयार असू द्या. पुढच्या वर्षांच्या निवडी गहाण टाकू नका. आणि निवडीच्या खोलीत शेवटचा शब्द त्या माणसाचा असू द्या ज्याने त्या मुलाला नोव्हेंबरच्या पावसात, रिकाम्या मैदानावर, चौथ्या सत्रात हरत असताना खेळताना पाहिलं आहे.

१९५७ ची गोष्ट तुम्हाला मी सांगावी असं नाही, तुमच्या भिंतीवर ती आहे. ऑटो ग्रॅहम निवृत्त झाले होते आणि पॉल ब्राउनना क्वार्टरबॅक हवा होता. पिट्सबर्गने नाणेफेक जिंकली, पाचवा नंबर मिळवला आणि लेन डॉसनला घेऊन गेले. उरलेल्या सहाव्या नंबरावर ब्राउननी गरजेकडे पाहिलं नाही, समोरचा सर्वांत चांगला खेळाडू उचलला. सिरॅक्यूसचा जिम ब्राउन. नऊ हंगामांपैकी आठ हंगाम चेंडू घेऊन धावून कापलेल्या यार्डांत तो लीगमध्ये पहिला राहिला. १९६४ चं विजेतेपद आपण त्याच्याबरोबर जिंकलो आणि त्यानंतर आजपर्यंत जिंकलेलो नाही. आपल्याला सोडून गेलेल्या त्या बाल्टिमोरच्या संघानेही १९९६ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये हेच केलं. मालकांना चेंडू घेऊन धावणारा खेळाडू हवा होता. आपला जुना खेळाडू ऑझी न्यूसम तिथे निवडीच्या कामाला होता, त्याने आपल्या यादीप्रमाणे चौथ्या नंबरावर टॅकल जोनाथन ऑग्डेन घेतला, सव्विसाव्यावर रे लुइस. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ही अक्कल क्लीव्हलँडचीच होती, ती परत आणता येईल.

२०२१ मध्ये ड्राफ्ट आपल्याच गावात, सरोवराच्या काठावर झाला तेव्हा मी पोरासोबत तिथे उभा होतो. थंडीने बोटं आखडली होती आणि नाव पुकारेपर्यंत कुणी हललं नाही. या वेळी ड्राफ्ट पिट्सबर्गला आहे, गाडीने जेमतेम दोन तासांवर. २३ एप्रिलला मी आणि माझा मुलगा जाणार आहोत, काळ्या-पिवळ्या गर्दीत नारिंगी टोप्या घालून. आपला नंबर येईल तेव्हा आम्ही नदीच्या बाजूला असू. एखाद्या टॅकलचं नाव घ्या. आजूबाजूला कुणी ओरडलं नाही तरी आम्ही दोघं ओरडू.

आपला,
१९९९ पासूनचा एक प्रेक्षक,
क्लीव्हलँड (मूळ कोल्हापूर)